अंदाज शेवटच्या पंगतीचा

मुदखेड स्टेशनावर सकाळच्या गाडीची वाट पाहणाऱ्यांत, गाडी उशिरा आली म्हणून हसणारी एकच बाई होती. ती म्हणजे रूपाली नरवाडे. आज गाडीला किती उशीर होणार, हे ती घरातून निघतानाच सांगून ठेवायची आणि अंदाज बरोबर निघाला की तिचा दिवस झकास जायचा. तिचे वडील साहेबराव याच स्टेशनात पॉइंट्समन, म्हणजे रुळांचे सांधे बदलणारे, होते, आता रिटायर झालेत. "मी सारा जन्म गाड्या लावल्या, पर त्यांच्या येळंवर कधी बोललो न्हाई," ते म्हणायचे. "तू रोज बोलून राहिलीस. रेल्वेला कळलं तर माझी पेन्शन बंद करतील."

रूपालीनं नांदेडात संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि मग पुण्याच्या एका कंपनीत पाच वर्षं काढली. कोणतं गिऱ्हाईक पुढच्या महिन्यात साबण बदलणार, हे त्या गिऱ्हाइकाला कळायच्या आत कंपनीला सांगायचं, असं तिचं काम. पगार चांगला, ऑफिसात कॉफी फुकट. तरी ती परत आली. आता पुण्याहून कुणी परत आलं की आपल्याकडं लोकांना कारण लागतं, आणि खरं कारण सांगितलं तर ते कुणाच्या गळी उतरत नाही. कुणी म्हणालं नोकरी गेली असणार, कुणी म्हणालं सोयरीक मोडली असणार. एका आत्याबाईनं तर पुण्याच्या पाण्यावरच खापर फोडलं.

खरं कारण असं होतं. कंपनीत मुलाखतींना नांदेड-लातूरकडचीही मुलं यायची. गणितात पक्की, सगळी सूत्रं तोंडपाठ. पण "तुमचं घरचं किराणा दुकान आहे ना, मग पावसाळ्यात कोणता माल जास्त भरता?" असं विचारलं की मान खाली घालून गप्प बसायची. दुकान, आडत, आठवडी बाजार ही लपवायची गोष्ट आणि इंग्रजी सूत्र ही दाखवायची, असं कुणीतरी त्यांच्या डोक्यात पक्कं बसवून दिलं होतं. रूपालीला त्यांची कीव नाही आली, राग आला. पोरांचा नव्हे, त्यांना असं शिकवणाऱ्यांचा. असा बऱ्याचदा राग आल्यावर तिनं ठरवलं की नुसतं चिडण्यापेक्षा आपणच जाऊन शिकवावं.

नांदेडच्या एका कॉलेजात तिनं एक वर्षाचा कोर्स सुरू केला, 'व्यवसायासाठी डेटा सायन्स'. धंद्यात रोज जे आकडे जमतात त्यांतून पुढचा अंदाज कसा काढायचा, हे शिकवणारा. पहिल्या बॅचला अकरा पोरं आली. त्यांतली निम्मी दुसरीकडं कुठं नंबर लागला नाही म्हणून आलेली, हे तिलाही ठाऊक होतं. देगलूरची स्वप्नाली सगळ्यांत बोलकी. घरी तेलुगू, बाजारात कन्नड, वर्गात मराठी आणि भांडताना तिन्ही. भोकरकडचा आदिनाथ सगळ्यांत अबोल. त्याच्या घरी शेती. कॉम्प्युटर त्यालाच सगळ्यांत छान जमायचा, पण ते तो कुणाला कळू देत नसे.

पहिल्या दिवशी मॅडमनं कॉम्प्युटर उघडूच दिला नाही. फळ्याच्या कोपऱ्यात चौकोन काढून त्यात लिहिलं: आज कॅन्टीनमध्ये किती वडे खपतील? प्रत्येकानं आकडा सांगायचा, आणि तोच का, हेही सांगायचं. संध्याकाळी कॅन्टीनवाल्याला जाऊन विचारायचं. ज्याचा अंदाज सगळ्यांत लांब गेला, त्यानं दुसऱ्या दिवशी फळा पुसायचा आणि आपण कशानं चुकलो ते सगळ्यांपुढं सांगायचं.

"चुका खुशाल," मॅडम म्हणाल्या. "पण कशानं चुकलो हे न शोधता घरी गेलात, तर उद्या वर्गात पाऊल ठेवू नका."

पोरांना नादच लागला. वडे झाले, मग भोकरच्या बसमध्ये उभे किती, मग भाजीबाजारात दुपारनंतर कोथिंबिरीच्या किती जुड्या उरतील. आकडा आणायचा तर माणसांत मिसळावं लागायचं, चहा प्यावा लागायचा, कोथिंबीरवाल्या बाईच्या सुनेची गाऱ्हाणी ऐकावी लागायची. महिनाभरानं मॅडमनं कॉम्प्युटर उघडला, तेव्हा त्याला काय विचारायचं हे पोरांना आधीच सुचू लागलं होतं.

सगळं छान चाललं होतं. घोडं अडलं ते प्राचार्यांपाशी. माणूस वाईट नव्हता, पण पुढच्या वर्षीच्या प्रवेशाची काळजी त्याला आतापासून लागली होती.

"मॅडम, वडे-बिडे ठीक आहे," ते म्हणाले. "पण आईबाप मला विचारतात, हे शिकून आमच्या पोराला ठेवणार कोण? जूनच्या आत आपल्या भागातल्या एका तरी धंदेवाल्यानं तुमची पोरं पगारावर घेतली पाहिजेत. नाहीतर कोर्स बंद करण्यावाचून इलाज नाही."

रूपालीनं सारं नांदेड पालथं घातलं. एका कापडवाल्यानं लस्सी पाजली आणि म्हणाला, माझा भाचा मोबाइलवर हे सगळं करतो. एका डाळमिलवाल्यानं डाळ दिली, काम नाही दिलं. त्यात पुण्याच्या जुन्या साहेबांचा फोन आला, तुझी जागा अजून रिकामी आहे म्हणून. कोर्स बंद पडला तर तिला जावंच लागलं असतं, आणि मागं ही अकरा पोरं एक चौकटीतलं सर्टिफिकेट घेऊन उभी राहिली असती. साबणाच्या गिऱ्हाइकांकडं परत जायचं तिला काही वाटत नव्हतं. या पोरांना मध्येच सोडून जायचं, हे मात्र तिच्या जिवाला लागलं होतं.

फेब्रुवारीत कॉलेजचं गॅदरिंग होतं. जेवणाचं काम लातूरच्या माणिकप्पा बिराजदारांकडं. उदगीरकडचा गडी, आवाज मोठा, पोट त्याहून मोठं. लग्नाचा मांडव आणि जेवण असा त्यांचा धंदा लातूरपासून नांदेडपर्यंत पसरलेला आणि सगळे त्यांना अप्पा म्हणायचे. पाण्याच्या टाकीची किल्ली विचारत ते नेमके रूपालीच्या वर्गात शिरले. फळ्यावर लिहिलं होतं: आज गॅदरिंगला किती जण जेवतील? खाली अकरा आकडे आणि बारावा मॅडमचा.

"हे काय चाललंय?" अप्पा म्हणाले.

"अंदाज काढून राहिलो," स्वप्नाली म्हणाली.

"अंदाज?" अप्पांना हसू आवरेना. "पोरी, अंदाज म्हंजे आमचा! तीस वर्षं झाली, माझ्या एका लग्नात ताटभर अन्न उरलं न्हाई!"

"अप्पा, तुमची लग्नं झाली तरी किती?" स्वप्नालीनं विचारलं.

वर्गात हशा पिकला. सगळ्यांत जास्त अप्पाच हसले. मग खडू मागून त्यांनी फळ्यावर आपलाही आकडा लिहिला. त्या दिवशी त्यांचाच आकडा खरा निघाला आणि सगळ्यांत लांब गेला तो मॅडमचा. दुसऱ्या दिवशी अप्पा भांडी न्यायला आले, तर मॅडम स्वतः फळा पुसत उभ्या. आपण कशानं चुकलो ते पोरांना सांगत होत्या: परीक्षा जवळ आलेली पोरं कार्यक्रमाला थांबत नाहीत, जेवायला मात्र येतात, हे ध्यानात आलं नाही. अप्पांना हे फार आवडलं. मास्तर लोक आपली चूक अशी सांगताना त्यांनी कधी पाहिले नव्हते.

"मॅडम, माझी तीन वर्षांची सगळी बिलं घ्या," ते म्हणाले. "मे महिन्यात एक लग्न तुमच्या पोरांना देतो. तुम्ही आकडा सांगा, मी माझा सांगतो. जो आकडा मोठा, तेवढं शिजवू, पाव्हणे उपाशी ठेवून आपल्याला पैज खेळायची न्हाई. शेवटी जेवणारे मोजायचे. तुमचा आकडा जवळ निघाला तर दोन पोरं मी कामावर ठेवतो, पगार देऊन. माझा निघाला तर सीझनभर सगळ्यांनी माझ्या पंगतीला वाढायचं."

"कबूल," रूपाली म्हणाली.

मग कामाला ऊत आला. बिलं म्हणजे काय, तर थोडी कॉम्प्युटरवर, थोडी मोबाइलातल्या फोटोंत, आणि एकच गाव चार तऱ्हेनं लिहिलेलं. पोरं ती साफ करत बसली. प्रत्येक लग्नापुढं लिहायचं: पत्रिका किती वाटल्या, मुहूर्त दुपारचा की संध्याकाळचा, खेडं की शहर, आणि आवतन कसं. घरटी एक माणूस बोलावलाय की चूलबंद? चूलबंद म्हणजे अख्खं घर, त्या दिवशी घरी चूल पेटवायचीच नाही. आणि शेवटी, किती ताटं उठली. या सगळ्यावरून आदिनाथनं कॉम्प्युटरवर मॉडेल, म्हणजे अंदाज काढणारं गणित, बांधलं. मागच्या वर्षीची लग्नं मॉडेलपासून लपवून ठेवली आणि मग एकेका लग्नाचा आकडा त्याला विचारला. आकडे असे काही जुळले की पोरं बाकांवर चढून नाचली. आदिनाथसुद्धा हसला, आणि आपण हसलो हे कळताच पाणी प्यायला निघून गेला.

नाचली नाही ती एकटी रूपाली. इतकं जुळलेलं तिला पटेना. तीस वर्षं, शेकडो लग्नं, आणि ताटभर अन्न उरलं नाही? कॅन्टीनच्या वड्यांत असं एक दिवस झालं नव्हतं.

रविवारी दुपारी ती घरी जेवायला बसली होती. शेजारी साहेबराव, समोर नुकतं लग्न झालेला भाऊ आणि वहिनी. आई भामाबाई चुलीपाशी, तव्यावर भाकरी. बोलता बोलता रूपालीनं अप्पांची बढाई सांगितली.

"न्हाईच उरणार," भामाबाई म्हणाल्या. "आपल्या घरच्या लग्नात तरी कुटं काय उरलं?"

"माय, त्या दिवशी तू काय जेवलीस?"

"मी? मी कशाला जेवते! शेवटी बुंदी संपली, भाजी संपली. आम्ही साऱ्या बायांनी मागच्या अंगाला बसून चहा घेतला. लई हसलो बघ. पाव्हणे पोटभर जेवले ना? झालं तर मग."

असं म्हणून तिनं रूपालीच्या ताटात वरण वाढलं. साहेबरावांचं जेवण होत आलं होतं, भावाचं झालं होतं, आणि भामाबाईंचं ताट अजून फळीवरच होतं. रूपालीनं ते रोज पाहिलं होतं आणि आजवर एकदाही पाहिलं नव्हतं. घास तिच्या हातातच राहिला.

अप्पांचा अंदाज कधी चुकत नव्हता, कारण चुकायला जागाच नव्हती. अन्न संपलं की ताटं उठायची थांबत. मोजणारे उठलेली ताटं मोजत, आणि आकडा शिजवलेल्या अन्नाशी बरोब्बर जुळे. ज्यांच्यापर्यंत अन्न पोचलंच नाही, त्या घरच्या बाया मागच्या अंगाला चहा पीत बसत. त्या कुठल्याच बिलात नव्हत्या. आणि आदिनाथचं गुणी मॉडेल हेच शिकून बसलं होतं की त्या नसतातच.

ती उठली, फळीवरचं ताट काढलं आणि आईचा हात धरला. "बस."

"आगं, भाकर करपंल!"

"करपू दे."

साहेबराव एकदा बायकोकडं, एकदा आपल्या रिकाम्या ताटाकडं पाहत राहिले. मग उठून त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली. ती मोडली, पण उलटली.

सोमवारी फळ्यावरच्या चौकोनात लिहिलं होतं: तुमच्या घरच्या शेवटच्या लग्नात तुमची आई जेवली का?

वर्गात आधी हसू उठलं आणि मग हळूहळू विरलं. "फोन लावा," मॅडम म्हणाल्या. "स्पीकरवर."

पहिला फोन स्वप्नालीचा. पलीकडून तिच्या आईचा आवाज आला, "तिन्नावा?" म्हणजे, जेवलीस का. लेकीनं प्रश्न विचारला तर आई म्हणाली, "खुळी हायस काय? हे विचारायला फोन केलीस? नवरीच्या आईला जेवायला येळ कुटं असतो!" दुसरा फोन, दुसरी आई. "काय झालं रे? बरा हायस ना? जेवलास का?" तिसरी, चौथी. प्रत्येक आई आधी पोराला जेवलास का विचारायची आणि मग आपण जेवलो नव्हतो हे हसत हसत सांगायची. एकीनं तर सांगितलं की तिला आठवतच नाही, कारण कुणी कधी विचारलंच नव्हतं. पोरं हसत होती आणि डोळे पुसत होती. कुणाला कसलीच लाज वाटेनाशी झाली होती.

आदिनाथनं फोन खिशातून काढला नाही.

"मला इचारायची गरज न्हाई, मॅडम," तो म्हणाला. "ताईच्या लग्नात मायनं सांजच्याला आदल्या दिवशीची भाकर खाल्ली. मी बघितलंय."

"मग इतके दिवस बोलला का नाहीस?"

"तुम्ही पाव्हण्यांचा आकडा मागितला व्हता. माय काय पाव्हणी हाय?" तो पुढं म्हणाला. "आन् आमच्या लग्नात अन्न कमी पडलं, असं घरातलं माणूस बाहेर सांगत न्हाई."

या एका वाक्यावर रूपालीला पुण्याच्या मुलाखतींत मान खाली घालून बसलेली सगळी पोरं आठवली. "आजपासून सांगायचं," ती म्हणाली. "जे घरातलं म्हणून झाकून ठेवता ना, तेच तुम्हाला दुसऱ्यांपेक्षा जास्त कळतं."

मग पोरांनी अप्पांच्या जुन्या गिऱ्हाइकांना फोन लावले. पुरुषानं उचलला की उत्तर ठरलेलं: सगळं भरपूर झालं, काही कमी पडलं नाही. "काकूंना देता का जरा?" स्वप्नाली म्हणायची. आणि काकू आधी आढेवेढे घ्यायच्या, मग सांगायच्या: भावकीतल्या इतक्या जणी, पुऱ्या लाटणाऱ्या इतक्या, बँडवाले, मांडववाले, टेंपोचे ड्रायव्हर. आदिनाथनं मॉडेल मोडून पुन्हा बांधलं. या वेळी कुणी नाचलं नाही, पण सगळ्यांना आतून बरं वाटत होतं.

मे महिन्यात अहमदपूरजवळच्या एका खेड्यात व्यंकटराव आणि तारामती या शेतकरी जोडप्याच्या लेकीचं लग्न होतं. चूलबंद आवतन, दुपारचा मुहूर्त. अप्पांनी आकडा सांगितला, नऊशे. पोरांनी सांगितला, एक हजार साठ.

"इल्ला, इल्ला! न्हाई!" अप्पा कानडीत ओरडले. "दीडशे ताटं काय नदीत सोडू? मॅडम, पोरांना आवरा!"

"जो आकडा मोठा तेवढं शिजवायचं, तुम्हीच म्हणाला होतात," रूपाली म्हणाली.

शब्द म्हणजे शब्द. अप्पांनी कढया वाढवल्या.

लग्नाच्या दिवशी सगळा वर्ग सकाळीच एसटीनं अहमदपूरला आणि तिथून अप्पांच्या टेंपोनं मांडवात. अकरा पोरांनी आणि मॅडमनी वाढायचं काम मागून घेतलं. आपल्याच हातांनी वाढलं तर मोजण्यात चूक होणार नाही, हा हिशेब. ऊन मी म्हणत होतं. अक्षता पडल्या आणि पंगतीमागून पंगत बसू लागली. स्वप्नाली वरणाची बादली घेऊन धावत होती, आदिनाथ पत्रावळींचे गठ्ठे मोजत होता, मॅडमच्या साडीवर भाजीचा ओघळ आला होता. पाहुणे जेवून पानाला निघाले तेव्हा आकडा नऊशेच्या थोडा अलीकडं होता.

अप्पा कमरेवर हात ठेवून कढयांपाशी येऊन उभे राहिले. बुंदी होती, भाजी होती, पुऱ्यांची टोपली भरलेली होती. "बघा!" ते म्हणाले. "तीस वर्षांत पयल्यांदा माझं अन्न उरलं. नाचक्की केली पोरांनो!"

प्राचार्य, पुणे, अकरा सर्टिफिकेटं, सगळं एकदम रूपालीच्या डोळ्यांपुढून गेलं. "अप्पा, थांबा," ती म्हणाली. "शेवटची पंगत बसायचीय अजून."

आदिनाथनं, त्या अबोल पोरानं, मांडवाच्या मधोमध उभं राहून हाक दिली, "घरचे या! घरच्यांची पंगत बसून राहिली!"

कुणीही आलं नाही. बाया दारांआडून बघत होत्या. "आम्ही मागून जेवतो." "कुणी पाव्हणा यायचा राहिला असंल." "आधी तुम्ही जेवा लेकरांनो." शेवटी पोरी आत घुसल्या आणि हाताला धरून एकेकीला आणू लागल्या. पुऱ्या लाटणाऱ्या पिठाच्या हातांनीच आल्या. भावकीतल्या म्हाताऱ्या एकमेकींना ढकलत, हसत आल्या. बँडवाले वाद्यं ठेवून बसले, टेंपोवाले, मांडववाले बसले. तारामती तेवढी येईना. नवरीच्या आईनं पंगतीत बसायचं म्हणजे काय! तेव्हा व्यंकटरावच उठले, बायकोजवळ गेले आणि म्हणाले, "चल, मीबी जेवलो न्हाई. दोघं बसू." साऱ्या गावासमोर ती नवऱ्याशेजारी पत्रावळीवर बसली. लाजून तिला कुठं बघावं कळेना.

अप्पांनी बुंदीची बादली स्वतःच्या हातात घेतली. एवढा अवजड माणूस, पण वाकून एकेकीला वाढत गेला. तारामतीपाशी आले. तिनं एक घास घेतला आणि वर पाहिलं.

"अप्पा, पुरी अजून गरम हाय की!"

अप्पांनी बादली खाली ठेवली आणि पंच्यानं तोंड पुसलं. जरा वेळानं रूपालीला हळू आवाजात म्हणाले, "माझी अव्वा, माझी माय, माझ्या चार भनींच्या लग्नात काय जेवली असंल, हे मी कधी इचारलं न्हाई बघा. आन् मी जेवणाचा धंदा करतो."

पंगत उठली. आदिनाथनं शेवटचा गठ्ठा मोजला आणि सगळ्यांची बेरीज मोठ्यानं सांगितली. एक हजार अठ्ठावन्न. पोरांनी आरडाओरडा करून मांडव डोक्यावर घेतला. स्वप्नालीनं तीन भाषांत आनंद केला.

"आता आपण जेवू," ती म्हणाली आणि कढईवरचं झाकण उचललं. कढई रिकामी. दुसरी, रिकामी. वरणाच्या पातेल्यात पळी खडखडली. पुऱ्यांच्या टोपलीत दोन पुऱ्या उरल्या होत्या.

सगळे एकमेकांकडं बघू लागले.

"मॅडम," आदिनाथ म्हणाला, "वाढणारे कुटं मोजले आपण?"

घरच्या बाया मोजल्या, बँडवाले मोजले, टेंपोचा ड्रायव्हर मोजला, आणि स्वतःलाच विसरले. रूपाली जी हसत सुटली ती तिथंच एका पोत्यावर बसली. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी हसू थांबेना. "उद्या फळा कोण पुसणार?" तिनं कसंबसं विचारलं. अकरा हात वर झाले. बारावा तिनं स्वतःच केला.

"चुकलात!" अप्पा गरजले. "पर आपल्यापुरतंच चुकलात, असली चूक मला चालतीय. ही स्वप्नाली आन् हा आदिनाथ, जूनपासून माझे. बाकीच्यांना इचारणारे माझे चार धंदेवाले दोस्त हायत, त्यांना मी सांगतो. आन् तुमच्या प्राचार्याला फोन न्हाई, मीच येतो. त्येलाबी इचारतो, घरी माय जेवती का म्हणून."

तेवढ्यात तारामती पदर खोचून आली. "काय ऐकून राहिले मी? माझ्या लेकीच्या लग्नात वाढणारी लेकरं उपाशी?" तिनं मागच्या अंगाला चूल पेटवली. रूपाली धावत गेली. "मावशी, तुम्ही नका. आज तुमच्या घरचं लग्न आहे."

"गप बस खाली. माझं पोट आज भरलंय," तारामती परातीत पीठ घेत म्हणाली. "भरल्या पोटी भाकरी थापायला काय जड जातंय?"

पिठलं रटरटू लागलं. पोरं चुलीभोवती गोल करून बसली. पहिली भाकरी मॅडमच्या ताटात पडली आणि तेवढ्यात मॅडमचा फोन वाजला. मुदखेडहून भामाबाई. लेक जिंकली की हरली हे त्यांनी विचारलंच नाही.

"जेवलीस का?"

"जेवून राहिले, माय. गरम भाकरी आहे. तू?"

"हाव, कधीच," भामाबाई म्हणाल्या. "तुझ्या बाबांनी मला आधी वाढलं आन् मग सोता बसले. भाजीत मीठ इसरले व्हते. लई हसलो बघ."